रंगारी, छापखाना आणि बारा पानं

मला एका पुस्तकाची एकच प्रत छापायची होती. पानं बारा. प्रत्येक पानावर एक फोटो आणि फोटोखाली दोन छोटी वाक्यं. बास. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण त्या तीन आठवड्यांत आमच्या घरी जो कोणी आला, त्यानं जमिनीवर पसरलेले कागद बघून "काय मास्तर, ज्ञानकोश काढताय का?" असं विचारलंच.

वाचकही एकच होती. वय वर्षं साडेसात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या बनवून देणारे चावीवाले बसतात, त्यांची ही मुलगी. मी तिला मुकादम म्हणतो, कारण ती दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कामावर देखरेख करत असते. पाण्याची रांग कुठून सुरू करायची, कुत्र्यानं कोणत्या पायरीवर झोपायचं, शिवणकामवाल्या मावशींनी टाचण्या तोंडात का ठेवू नयेत, हे सगळं ती ठरवते आणि खणखणीत आवाजात सांगते. पण पुढ्यात पुस्तक उघडलं की तिच्या तोंडाला कुलूप. वर्षाच्या सुरुवातीला वर्गात वाचताना ती एका ओळीवरून घसरून खालच्या ओळीवर गेली होती आणि वर्ग हसला होता. त्या दिवसापासून मोठ्यानं वाचणं बंद.

शाळा सुटली की चार वाजता ती माझ्याकडे येते. अक्षरं सगळी येतात, लिहितेही नीट. मी म्हणायचो, "वाच पाहू."

"वाचलं."

"कधी?"

"आत्ता. मनात."

"मग मला कसं कळणार?"

"माझ्या तोंडाकडे बघून."

चाळीस वर्षं लहान मुलांना शिकवलं, तेव्हा धीर कसा धरायचा हे मला येतं. पण मुख्याध्यापिका बाईंना एवढा वेळ नव्हता. त्यांनी चावीवाल्यांना बोलावून सांगितलं, की तीन आठवड्यांनी सोमवारी त्या स्वतः तिचं वाचन ऐकतील. एक पान मोठ्यानं वाचलं तर पुढचा वर्ग, नाहीतर पुन्हा हाच. आणि ह्या वर्गात आता तिचा धाकटा भाऊ येणार होता. म्हणजे मुकादम आणि तिचा भाऊ एका बाकावर. ह्यापेक्षा मोठी आपत्ती तिला कल्पनेतही सुचली नसती. चावीवाले मला हे सांगत होते तेव्हा हातातली कानस उगीचच एका किल्लीवर फिरवत होते. "मीपण असाच होतो गुरुजी," ते म्हणाले. "मनातच वाचत बसलो. मग मनातूनसुद्धा गेलं."

तेव्हा मला हे पुस्तक सुचलं. स्वतःच्या घरादाराबद्दल लिहिलेलं असलं की मूल ते वाचल्याशिवाय राहत नाही, हा माझा अनुभव आहे. आमच्या गल्लीतली बारा माणसं आणि वस्तू निवडायच्या, त्यांचे फोटो काढायचे, खाली वाक्यं लिहायची. पहिल्या पानावर बाबा, शेवटच्या पानावर ती स्वतः. "कोणाला तरी करायला द्या ना," बायको म्हणाली. मी म्हणालो, "ह्यात काय आहे देण्यासारखं? दोन दिवसांचं काम."

हे वाक्य तिनं पुढे मला एकूण नऊ वेळा ऐकवलं. मी मोजल्या.

फोटो काढणं सोपं गेलं. न्हावीकाकांनी फोटोसाठी आधी स्वतःचे केस विंचरले, मग माझे. कुत्रा सगळ्यांत शहाण्यासारखा बसला. बायकोनं "डावीकडून काढा" म्हणून सांगितलं, आणि डावी तिची की माझी ह्यावर अर्धा तास गेला. पुढचं काम संगणकावरचं. फोटो सुधारण्याचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याचं नाव उच्चारायला अवघड म्हणून मी त्याला रंगारी म्हणू लागलो. फोटो आणि मजकूर जुळवून पानं छापणारं दुसरं होतं, तो छापखाना. रंगाऱ्यानं फोटो उजळायचे, कापायचे आणि छापखान्याच्या हवाली करायचे. छापखान्यानं ते पानावर बसवून प्रिंटरला द्यायचे. अशी साधी वाटणी होती. पण दोन हुशार मुलं एका बाकावर बसवली की काय होतं हे मला तरी कळायला हवं होतं.

सुरुवातच अडखळत झाली. रंगाऱ्यानं मला दारातच विचारलं, "आपण कोण?" पर्याय तीन. विद्यार्थी, व्यावसायिक, संस्था. मी ह्यांपैकी कोणीच नव्हतो. 'शिक्षक' असा बारीक अक्षरात एक चौथा पर्याय सापडला, पण त्यासाठी शाळेच्या कागदावर दाखला हवा. मुख्याध्यापिका बाईंनी तो आनंदानं दिला. 'सदर गृहस्थ नामांकित शिक्षक होते', खाली सही आणि गोल शिक्का. तीन दिवसांनी उत्तर आलं, की आपण शिक्षक होतात ह्याची आम्हाला खात्री पटली आहे, परंतु सध्या आपण कोण आहात हे कळवावे. मी हा प्रश्न बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "'विद्यार्थी' दाबा. खोटं काही नाही त्यात."

मी दाबलं. दार उघडलं.

पहिलं पान छापून बाहेर आलं तेव्हा चावीवाले मुद्दाम दुकान बंद करून आले होते. पान फार सुंदर होतं. निळा शर्ट, पुढ्यात कानस, हातात किल्ली. फक्त चावीवाले गळ्यापासून खाली होते. डोकं वरच कुठेतरी राहिलं होतं. त्यांनी तो कागद दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळला.

"हात मात्र हुबेहूब आलेत, गुरुजी," ते म्हणाले.

माझी मान खाली गेली. निदान मला ती होती तरी.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे इन्स्पेक्टर खाली आले. हे पोलिसातले नव्हेत. ते वजनमापे खात्यात होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण खिशातली पोलादी पट्टी निवृत्त झालेली नाही. दुकानदार त्यांना बघितलं की अजूनही तराजूला हात लावून तो सरळ करतात. त्यांनी माझं पान टेबलावर ठेवलं, पट्टी लावली, चष्मा कपाळावर चढवला.

"मास्तर, स्क्रीनवर ह्या फोटोची रुंदी किती दाखवतात?"

"अठरा सेंटिमीटर."

"कागदावर सतरा भरतोय. आणि उंचीतून डोकं गायब. हे कमी माप आहे."

"असेल."

"असेल नव्हे. आहे. ह्यावर कारवाई होऊ शकते."

कोणावर, हा प्रश्न होता. पण इन्स्पेक्टरांच्या डोळ्यांत अकरा वर्षांनी जी चमक आली होती, ती घालवायची माझी इच्छा होईना. त्या दिवसापासून ते रोज दुपारी यायला लागले. त्यांनी वही केली. तारीख, वेळ, पान, मागितलेलं माप, मिळालेलं माप, फरक, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा 'समज दिली' असं लिहिलेलं असे.

डोकं का जातं ते चार दिवसांनी कळलं. रंगारी समजत होता की कागद उंच आहे. छापखाना समजत होता की कागद आडवा आहे. प्रिंटरमध्ये कागद कसा ठेवलाय ह्याची दोघांपैकी कोणीही चौकशी केली नव्हती. प्रत्येकानं आपापल्या समजुतीप्रमाणे फोटो बसवला, आणि जे बसलं नाही ते कापलं. मी दोघांनाही स्वतंत्रपणे, न रागावता, तीच गोष्ट सांगितली. मुलांच्या बाबतीत हे करावंच लागतं. एकाला सांगितलेलं दुसऱ्यानं ऐकलं असेल असं धरून चालायचं नाही.

डोकं आलं. पण ते लाल होतं.

नुसतं लाल नाही, चावीवाले कोणाला तरी मारून नुकतेच घरी आलेत असं दिसत होतं. मी रंगाऱ्यात जाऊन तांबडा रंग कमी केला. आता ते आजारी दिसायला लागले. थोडा वाढवला. पुन्हा मारामारी. इन्स्पेक्टरांनी रंग हा आपल्या अखत्यारीत येत नाही असं सांगून हात वर केले. शिवणकामवाल्या मावशी कामावरून आलेल्या, त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून सल्ला दिला, "कागद धुवून बघा." न्हावीकाका म्हणाले, "मूळ माणसालाच थोडी पावडर लावून परत फोटो काढू."

शेवटी मी रंगाऱ्याच्या मदतकेंद्राला फोन केला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, रंग आमच्याकडून बरोबरच जातात. तो प्रश्न छापणाऱ्यांचा आहे." छापखान्याच्या मदतकेंद्रात बासरीऐवजी पेटी होती. तिथले गृहस्थ म्हणाले, "सर, आम्हाला जे येतं तेच आम्ही छापतो. तुम्ही पाठवणाऱ्यांशी बोला." मी विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलू शकाल का?" त्यांना हा प्रश्न फार चमत्कारिक वाटला असावा. त्यांनी मला चौदा आकडी तक्रार क्रमांक दिला आणि माझा दिवस चांगला जावो म्हणाले. तक्रार क्रमांक मिळाल्यावर प्रश्न सुटल्यासारखं वाटतं, हे एक बरं आहे. इन्स्पेक्टरांनी तो वहीत लाल शाईनं लिहिला.

उकल निघाली ती स्वयंपाकघरातून. माझी बडबड आत ऐकू जात होती. "रंगारी फोटो पाठवतानाच प्रिंटरसाठी रंग दुरुस्त करून पाठवतो, इथं तसं लिहिलंय," मी वाचून दाखवत होतो. "आणि छापखानाही म्हणतो, की मी रंग दुरुस्त करतो."

बायको दारात येऊन उभी राहिली. "दोघंही मीठ घालतायत."

"काय?"

"लग्न झालं तेव्हा नाही का, मी मीठ घालून जायची आणि तुम्ही मागून येऊन घालायचात? मदत म्हणून? महिनाभर पाणी पीत बसलो होतो. मग ठरवलं ना, की एकानंच घालायचं."

मी छापखान्यातली 'रंग दुरुस्त करा' ही खूण काढून टाकली आणि पान छापलं. चावीवाले बाहेर आले. सावळे, घामेजलेले, किंचित हसणारे, जसे आहेत तसे. मी तो कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिनं हात पुसले, बघितलं आणि एवढंच म्हणाली, "दोन दिवसांचं काम." ही आठवी वेळ.

एव्हाना शनिवार उजाडला होता. सोमवारी वाचन. मुकादम रोज येत होती, जमिनीवरची वाया गेलेली पानं गोळा करत होती, त्यांच्या गठ्ठ्याचे कोपरे जुळवत होती. "आजोबा, तुम्ही रोज चुकता?" तिनं एकदा विचारलं.

"रोज. कधी कधी दोनदा."

"मग कोणी हसत नाही?"

"आजी हसतात."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं हसल्या असत्या तर बरं झालं असतं."

तिनं ह्यावर बराच विचार केला. वाचायला काही ती तयार झाली नाही. पण कोपरे जुळवताना तिचे ओठ हलत होते, आणि मी बघतोय असं दिसल्यावर थांबले.

रविवारी दुपारी पुस्तक छापायला घेतलं. आतापर्यंत मी चाचणीसाठी एक चावीवाल्यांचंच पान पुन्हा पुन्हा छापत होतो. आता बाराही फोटो रंगाऱ्यातून काढून छापखान्याला द्यायचे होते. प्रत्येक फोटोला नाव द्या, अशी सूचना आली. मी क्रमानं नावं दिली. एक, दोन, तीन, चार, अशी अक्षरात. आकड्यांवर माझा विश्वास नाही. घाईत काढलेला तीन आठसारखा दिसतो, हे चाळीस वर्षं वह्या तपासून कळलेलं आहे. अक्षरात लिहिलेली संख्या कोणी नाकारू शकत नाही. मजकुराची यादी छापखान्याकडे आधीच होती, पहिल्या पानापासून बाराव्यापर्यंत. मी 'सर्व पाने' हे बटण दाबलं, आणि एकामागून एक पानं पालथी पडायला लागली.

प्रत्येक पान आम्ही तिघांनी तपासलं, हे मला आवर्जून नोंदवायचं आहे. इन्स्पेक्टरांनी चारही बाजूंचा समास पट्टीनं मोजला. मी चेहऱ्यांचे रंग बघितले, कोणी लाल नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. बायकोनं कडा जुळवून जाड दोऱ्यानं पुस्तक शिवलं आणि गाठ दातानं तोडली. इन्स्पेक्टरांनी वहीत लिहिलं, 'माप बरोबर. समाधान.' आम्हा तिघांना इतका आनंद झाला की आम्ही एकमेकांना चहा घ्यायचा आग्रह करायला लागलो, आणि चहा करायला कोणीच उठेना.

चार वाजता मुकादम आली. मी पुस्तक दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. ती मांडी घालून बसली, मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि पहिलं पान उघडलं. मग तिच्या भुवया वर गेल्या.

"आजोबा, हा कुत्रा आहे."

"कुठे?"

मी वाकून बघितलं. कुत्रा होता. अतिशय नैसर्गिक रंगात, पूर्ण मापाचा. आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात छापलं होतं, 'हे माझे बाबा. हे हरवलेल्या चाव्या बनवतात.'

तीन आठवडे. आणि उद्या सोमवार. तीन शहाण्या माणसांनी बारा पानं तपासली होती, आणि त्यांतल्या एकानंही ती वाचली नव्हती. त्यांतला एक जन्मभर वाचायला शिकवत आला होता.

"दे इकडे," मी म्हणालो. "चुकलंय ते. मी दुसरं..."

माझा शर्ट मागून कोणीतरी ओढला. बायको होती. मी हात मागे घेतला.

"खाली काय लिहिलंय ह्याच्या?" मुकादमनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. सवयच ती. शर्ट आणखी जोरात ओढला गेला.

मुकादमनं थोडी वाट बघितली. कोणी सांगत नाही म्हटल्यावर तिनं अक्षरावर बोट ठेवलं. "हे... मा, माझे... बा..." ती थांबली. बोट मागे नेलं. "हे माझे बाबा?"

खोलीत कोणी हललं नाही. इन्स्पेक्टरांनी पट्टीसुद्धा खाली ठेवली नाही.

"हे माझे बाबा. हे ह, हर, हरव... ले... ल्या... हरवलेल्या. चा... चा..." जोडाक्षरापाशी बोट अडलं. "चाव्या! चाव्या बनवतात. आजोबा! कुत्रा चाव्या बनवतो?"

"कुठे असं लिहिलंय?"

"हे काय इथं! त्याला हात तरी आहेत का? कोणी छापलं हे?"

"मी."

"सगळं असंच आहे?" असं म्हणून तिनं, ज्या आवाजात ती पाण्याची रांग लावते त्याच आवाजात, पान उलटलं.

दुसऱ्या पानावर कचऱ्याची गाडी होती. "ही माझी आई. ही सगळ... सगळ्यांच्या आधी उठते." तिनं गाडीकडे बघून न्यायानं विचार केला. "गाडीपण आधी उठते. पण ही आई नाही." तिसऱ्या पानावर तिचे बाबा होते. "हे आजोबा. हे मला वाचायला शिकवतात. कुठे? बाबा तर फक्त किल्ल्या शिकवतात." चौथ्या पानावर नळ होता आणि खाली नळच लिहिला होता. त्या पानाचा तिला सगळ्यांत जास्त संशय आला. तिनं ते दोनदा वाचलं, मग कागद उजेडात धरून मागून बघितला.

पाचव्या पानावर मी होतो. मी सगळ्या गल्लीचे केस कापत होतो. सहाव्यावर जिना होता आणि तो सगळं मोजत होता. सातव्यावर तिची आई होती, बेकरीची पांढरी टोपी घालून. "ह्या आजी. ह्या माझ्या वेण्या घालतात." ती थांबली. "आई नाही घालत. तिला सकाळी बेकरीत जायचं असतं. आजी घालतात." आणि तिनं पुरावा म्हणून स्वतःची वेणी पुढे घेऊन सगळ्यांना दाखवली. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही, समोर भिंत आहे.

ती अडखळत होती. दोनदा ओळ सोडून खाली गेली. दोन्ही वेळा स्वतःच परत वर आली आणि पुस्तकालाच रागावली, "सरळ राहा ना." शिवणकामवाल्या मावशींवरून न्हावीकाकांवर, न्हावीकाकांवरून स्वतःच्याच फोटोवर ती आली. "हा आमचा जिना. ह्याला छत्तीस पायऱ्या आहेत. मला?" अकराव्या पानावर इन्स्पेक्टर होते, छातीशी पोलादी पट्टी धरलेले, गंभीर. तिनं खालचं वाचलं. "हा आमचा कुत्रा. ह्याला पोटावर खा... खाजवलेलं आवडतं." तिनं मान वर करून खुर्चीत बसलेल्या इन्स्पेक्टरांकडे पाहिलं.

"काका, आवडतं?"

इन्स्पेक्टरांनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "तशी नोंद नाही," ते म्हणाले.

मग कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही, पण सगळ्यांत मोठ्यानं ती हसली. पोट धरून, मागे रेलून. आणि तशीच हसत बाराव्या पानावर आली. तिथं बायकोचा फोटो होता, डावीकडून काढलेला.

"ही मी. मी वाचते." तिनं पुन्हा फोटोकडे बघितलं. "ही मी नाही. ही आजी आहे."

"आजी वाचतात ना पण," मी हळूच म्हणालो. "मग 'मी वाचते' हे बरोबर झालं."

"हो. 'ही मी' एवढंच चुकलं."

"आणि तू? तू काय करतेस?"

"मी चुका काढते," मुकादम म्हणाली.

बाहेर जिन्यात चाव्यांचा मोठा जुडगा वाजला. चावीवाले तिला न्यायला आले होते. ते केव्हापासून तिथं उभे होते कोणास ठाऊक. दार उघडंच होतं, पण ते आत आले नाहीत. नंतर बायकोनं पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाले, "गुरुजी, पोरगी कुत्र्याला बाप म्हणाली, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

ती गेल्यावर मी छापखान्यापुढे बसून शोध लावला. त्यानं चित्रं माझ्या क्रमानं लावलीच नव्हती. मी नावं अक्षरात दिली, म्हणून त्यानं ती शब्दकोशातल्यासारखी अकारविल्हे लावली होती. अकरा, आठ, एक, चार, तीन, दहा, दोन. 'अ' आधी, मग 'आ', मग 'ए'. एकही जागा चुकली नव्हती. चाळीस वर्षांत इतकी निर्दोष अकारविल्हे यादी मला एकाही विद्यार्थ्यानं करून दाखवलेली नाही. त्याला रागावणार तरी कशाबद्दल? मी इन्स्पेक्टरांच्या वहीत त्याच्या नावापुढे 'शाबास' लिहिलं. इन्स्पेक्टरांना ते आवडलं नाही.

सोमवारी साडेअकराला चावीवाले दुकान उघडं टाकून आमच्याकडे आले. उघड्या दुकानात किल्ल्यांचा ढीग, आणि त्या बनवणारा माणूसच दुकानाला कुलूप लावायला विसरला होता.

"काय झालं?" मी आणि बायको एकदम म्हणालो.

"मी दाराबाहेर होतो. बाईंनी त्यांच्या पुस्तकातलं पान काढून दिलं. पतंगांचं. ही गप्प. मला घाम फुटला. मग ही म्हणते कशी, 'बाई, ह्याच्यात काय चुकलंय?' बाई म्हणाल्या, 'काही नाही चुकलेलं.' ही म्हणाली, 'मी बघते.' आणि गुरुजी, तिनं वाचायला सुरुवात केली."

"अडखळली?"

"अडखळली की. पण थांबली नाही. पान संपवलं आणि बोटानं पतंग मोजले. म्हणाली, 'बाई, इथं सात पतंग लिहिलेत. चित्रात सहाच आहेत.' बाईंनी मोजले. मग शिपाईमामांना बोलावलं, त्यांनीपण मोजले. सहाच. मग ही म्हणाली, 'पुढचं पान द्या.'"

चावीवाल्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. मग मधेच हात मागे घेतला, स्वतःच उलगडला, आणि एकेका शब्दावर जाड, काळं बोट ठेवत वाचून दाखवला. "पुढील... वर्गात... प्रवेश. वाचन समा... समाधानकारक. पुस्तकाशी भांडते."

बायकोनं त्यांना बसायला लावलं. मी तो कागद घेऊन मुख्याध्यापिका बाईंचं अक्षर फार सुंदर आहे असं काहीतरी बोललो. माझा चष्मा धुरकटला होता, दमट हवा असेल.

अर्धवट काम ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मंगळवारी मी बाराही फोटोंना आकड्यांत नावं दिली, पुढे शून्य लावून, आणि पुस्तक पुन्हा छापलं. ह्या वेळी आम्ही तिघांनी ते आधी मोठ्यानं वाचलं. पहिल्या पानावर चावीवाले आणि खाली चावीवाले. शेवटी मुकादम, खाली 'ही मी. मी वाचते.' माप पूर्ण, रंग खरे, टाके सारखे. ह्याहून निर्दोष वस्तू आमच्या घरात आजवर तयार झालेली नाही.

चार वाजता मी ते तिच्या हातात दिलं. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान तपासलं. बोट फिरवलं, फोटो बघितला, पुढे गेली. मी समोर बसून निकालाची वाट बघत होतो. तिनं पुस्तक मिटलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि शाबासकी म्हणून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मग उठून फळीवरून चुकलेलं पुस्तक खाली काढलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पण आजोबा, त्याच्यात मला काही कामच नाही."